हुतात्मा अश्फाकउल्ला खान

१९ डिसेंबर १९२७ ची सकाळ. संयुक्त प्रांतातील, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातील, दोन तुरुंगांत दोन तरुण फाशीच्या तख्ताकडे चालले होते. एक तुरुंग गोरखपूरचा, दुसरा फैजाबादचा. दोन्ही गावांमध्ये शंभराहून अधिक किलोमीटरांचे अंतर. गोरखपूरच्या तुरुंगातील तरुण वेदमंत्र म्हणत होता. फैजाबादच्या तुरुंगातील तरुणाच्या गळ्यात कुराणशरीफ होते आणि त्याच्या ओठांवर कलमा होता. एकाचे नाव रामप्रसाद बिस्मिल, दुसऱ्याचे अश्फाकउल्ला खान. दोघे एकाच गावचे, एकाच संघटनेतले आणि एकाच ताटात जेवलेले जिवलग मित्र होते.

रामप्रसाद हे निष्ठावंत आर्यसमाजी होते, तर अश्फाक हे निष्ठावंत मुसलमान. आपापला धर्म दोघांपैकी कोणीही सोडला नाही. आणि धर्मासाठी मित्रालाही कोणी अंतर दिले नाही. ही मैत्री मात्र सहजासहजी जुळलेली नव्हती. शाळेत शिकत असलेल्या एका तरुणाने ती मोठ्या चिकाटीने मिळविली होती. ती त्याने कशी मिळविली आणि तिच्यासाठी काय काय सोसले, हीच अश्फाकउल्लांच्या चरित्राची कथा आहे.

शाहजहानपूर हे गर्रा आणि खन्नौत या दोन नद्यांच्या परिसरात वसलेले जुने शहर. मोगल बादशहा शाहजहान याच्या कारकिर्दीत पठाण सरदारांनी ते वसविले. या शहरात एका प्रतिष्ठित पठाण घराण्यात २२ ऑक्टोबर १९०० रोजी अश्फाकउल्लांचा जन्म झाला. वडिलांचे नाव शफीकउल्ला खान आणि आईचे मजहरुन्निसा. अश्फाक हे भावंडांत सर्वांत धाकटे, त्यामुळे घरात सर्वांचे लाडके. अंगाने धिप्पाड, वर्णाने गोरे आणि स्वभावाने मनमोकळे असे ते होते. पोहणे, घोड्यावर बसणे आणि नेमबाजी यांची त्यांना विशेष आवड. त्याचबरोबर कवितेचेही त्यांना वेड होते. ‘हसरत’ आणि ‘वारसी’ या टोपणनावांनी ते उर्दूत कविता रचीत असत.

अशा सुखवस्तू घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, हीच त्या काळची रीत होती. परंतु अश्फाकांच्या शालेय वयातच एक घटना घडली आणि त्यांच्या मनाला निराळे वळण लागले. १९१८ साली संयुक्त प्रांतात मैनपुरी कट उघडकीस आला. इंग्रजी सत्तेविरुद्ध गुप्तपणे संघटना करणाऱ्या तरुणांची धरपकड सुरू झाली. शाहजहानपूरच्या शाळेतील एका विद्यार्थ्यालाही पोलीस पकडून घेऊन गेले. या कटातील एक प्रमुख तरुण शाहजहानपूरचाच असून तो पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटला आहे, ही वार्ता गावात सर्वांच्या तोंडी झाली. तो तरुण म्हणजे रामप्रसाद बिस्मिल. रामप्रसाद अश्फाकांहून तीन वर्षांनी मोठे होते, आणि अश्फाकांचे थोरले बंधू त्यांचे शाळासोबती होते. या धाडसी देशभक्ताची ओळख व्हावी, त्याच्या कार्यात आपणही भाग घ्यावा, अशी ओढ अश्फाकांना लागली.

१९२० साली सरकारने राजकीय कैद्यांसाठी माफी जाहीर केली. त्यानंतर रामप्रसाद उघडपणे शाहजहानपूरला परतले. अश्फाकांनी शाळेतच त्यांची गाठ घेतली आणि मैनपुरी कटाविषयी त्यांना काही विचारले. पण रामप्रसादांनी त्यांना नीट उत्तरही दिले नाही. एका मुसलमान विद्यार्थ्याला अशा गोष्टींची चौकशी कशासाठी हवी, अशी शंका त्यांच्या मनात आली. आणि उडवाउडवीचे चार शब्द बोलून त्यांनी त्याची बोळवण केली. अश्फाकांचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसरा कोणी असता, तर या अपमानाने दुखावला गेला असता. हे लोक आपल्याला आपले मानीतच नाहीत, तर आपण तरी त्यांच्याकडे का जावे, असे म्हणून तो माघारी फिरला असता. दोन समाजांतील दुरावा वाढतो तो पुष्कळदा असाच. एक जण संशय घेतो, दुसरा रुसतो आणि मध्ये भिंत उभी राहते. परंतु अश्फाकांनी राग धरला नाही. रामप्रसादांचा संशय बोलून दूर होणार नाही, तो वागणुकीनेच दूर केला पाहिजे, हे त्या तरुणाने ओळखले. काँग्रेसच्या सभांना ते जाऊ लागले. तेथे रामप्रसादांशी बोलण्याची संधी ते शोधीत. आपल्या मनात देशसेवेची खरी तळमळ आहे, हे दोघांच्याही परिचयाच्या मित्रांकडून ते त्यांच्या कानी घालीत. असे पुष्कळ दिवस गेले. अखेरीस रामप्रसादांचे मन विरघळले. आपल्या शाळासोबत्याचाच हा धाकटा भाऊ, हे कळल्यावर तर त्यांना फार आनंद झाला.

रामप्रसाद आता अश्फाकांना धाकट्या भावाप्रमाणे वागवू लागले. पण एवढ्याने अश्फाकांचे समाधान झाले नाही. धाकट्या भावाचे लाड होतात, पण त्याला बरोबरीचा मान मिळत नाही. अश्फाकांना हवी होती ती बरोबरीच्या नात्याची मैत्री. आणि तीही त्यांनी मिळविली.

आज ही गोष्ट वाचताना तिच्यातील अवघडपणा आपल्या ध्यानात येणार नाही. त्या काळी उत्तर हिंदुस्थानात शुद्धी आणि तबलीग या दोन चळवळींमुळे वातावरण तापू लागले होते. परधर्मात गेलेल्यांना हिंदू धर्मात आणावे, यासाठी शुद्धीची चळवळ होती. तर इस्लामचा प्रसार व्हावा आणि मुसलमानांची धर्मश्रद्धा दृढ व्हावी, यासाठी तबलीगची. दोहोंच्या वादातून कटुता माजत चालली होती. रामप्रसाद स्वतः शुद्धीच्या कार्यात भाग घेत आणि आर्यसमाजाच्या मंदिरातच राहत. अशा माणसाकडे एका पठाण तरुणाने नित्य जाणे-येणे ठेवावे, याचा दोन्हीकडच्या लोकांना अचंबा वाटे. रामप्रसादांचे काही साथीदार अश्फाकांकडे तुच्छतेने पाहत. मुसलमानावर विश्वास टाकून एक दिवस फसाल, असे ते रामप्रसादांना बजावीत. उलट, गावात हिंदु-मुसलमानांचा तंटा झाला की अश्फाकांच्या मोहल्ल्यातील लोक त्यांना उघडउघड शिव्या देत आणि काफर म्हणून हिणवीत. अशा रीतीने दोन्हीकडून बोल ऐकावे लागत असतानाही अश्फाकांची वाट बदलली नाही. त्यांचे मंदिरात जाणे थांबले नाही, आणि त्यांची अल्लावरील श्रद्धाही उणावली नाही.

या मैत्रीत देवाणघेवाणही मोठी सुरेख होती. रामप्रसाद हिंदीत लेख आणि पुस्तके लिहीत. ती उर्दूतही लिहा, म्हणजे मुसलमानांनाही वाचता येतील, असा आग्रह अश्फाक त्यांना नेहमी करीत. पण दुसऱ्याला आग्रह करून ते स्वस्थ बसले नाहीत. मित्राचे विचार नीट समजावेत म्हणून त्यांनी स्वतः हिंदीचा चांगला अभ्यास केला. त्याचा परिणाम असा झाला, की घरी आईशी आणि भावांशी बोलताना त्यांच्या तोंडून हिंदी शब्द निघून जात आणि घरची मंडळी चकित होत. हा मुलगा आता धर्मही बदलतो की काय, अशी शंका काही लोकांना येऊ लागली. परंतु दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे आपला धर्म सोडणे नव्हे, हे अश्फाक पुरतेपणी जाणून होते. इकडे रामप्रसादांच्या मनातही पालट होत होता. ज्या काळी हिंदू आणि मुसलमान यांनी एकमेकांच्या हातचे पाणी पिणेही अनेक घरांत निषिद्ध होते, त्या काळी हे दोघे मित्र कित्येकदा एकाच ताटात जेवले. हिंदू आणि मुसलमान यांच्यात काही भेद आहे ही कल्पनाच आपल्या मनातून नाहीशी झाली, असे रामप्रसादांनी पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे.

याच आत्मचरित्रात एक हृदयस्पर्शी प्रसंग आलेला आहे. अश्फाक आपल्या मित्राला पूर्ण नावाने हाक मारीत नसत, ते नुसते राम म्हणत. एकदा अश्फाकांना छातीत धडधड होण्याचा विकार जडला आणि त्या झटक्यात त्यांची शुद्ध हरपली. बेशुद्धीतच ते वारंवार रामाचे नाव घेऊ लागले. भोवती जमलेले नातलग आश्चर्याने थक्क झाले. पठाणाच्या मुलाने आजारात अल्लाचे नाव घ्यावे, ते सोडून हा रामाचा जप कशासाठी करतो, हे कोणालाच उमगेना. अल्लाचे नाव घे, असे ते त्यांना परोपरीने विनवू लागले. पण अश्फाकांच्या तोंडचे ते नाव काही सुटेना. इतक्यात एक मित्र तेथे आला. हा राम कोण, ते त्याला ठाऊक होते. त्याने रामप्रसादांना तातडीने बोलावणे धाडले. रामप्रसाद येऊन भेटले, तेव्हा कोठे अश्फाकांच्या जिवाला स्वस्थता लाभली आणि घरच्या मंडळींना त्या नावाचा उलगडा झाला.

दोघांची मैत्री अशी दृढ होत असता देशाची स्थिती मात्र बिघडत चालली होती. १९२० साली महात्मा गांधींनी असहकाराची चळवळ सुरू केली, तेव्हा हिंदू आणि मुसलमान खांद्याला खांदा लावून तिच्यात उतरले होते. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाण्याला आग लावली व त्यात पोलीस मृत्युमुखी पडले. या हिंसेने व्यथित होऊन गांधीजींनी चळवळ मागे घेतली. त्यानंतर तरुणांमध्ये निराशा पसरली, आणि जी शक्ती परकीय सत्तेविरुद्ध खर्च व्हावयाची ती आपापसांतील भांडणांत खर्ची पडू लागली. गावोगाव दंगे होऊ लागले. १९२४ साली दंग्यांनी कळस गाठला, तेव्हा गांधीजींनी दिल्लीत मौलाना महंमद अली यांच्या घरी राहून एकवीस दिवसांचा उपवास केला.

या दिवसांतील एक आठवण सांगतात. शाहजहानपुरात दंगा उसळला होता. आर्यसमाजाच्या मंदिरावर चालून जाण्याच्या इराद्याने मुसलमानांचा एक जमाव तेथे येऊन ठेपला. त्या वेळी अश्फाक मंदिरातच होते. ते तडक दाराशी आले आणि हाती पिस्तूल घेऊन जमावासमोर उभे राहिले. मी मुसलमान आहे, परंतु या मंदिराची एकेक वीट मला प्राणाइतकी प्रिय आहे, हे त्यांनी निक्षून सांगितले. त्यांचा तो आवेश पाहून जमाव आल्या पावली परतला. परक्या धर्माच्या माणसांना उपदेश करणे सोपे असते. परंतु आपल्याच माणसांपुढे उभे राहून, तुमचे चुकते आहे, असे त्यांना सांगावयाला खरे धैर्य लागते. ते धैर्य अश्फाकांच्या ठिकाणी होते.

१९२४ साली उत्तर हिंदुस्थानातील क्रांतिकारकांनी हिंदुस्थान प्रजातंत्र संघ या नावाची संघटना स्थापन केली. सशस्त्र क्रांती करून देशात प्रजासत्ताक राज्य आणावे, हे तिचे ध्येय होते. रामप्रसाद तिचे एक पुढारी होते आणि अश्फाक त्यांचे उजवे हात. संघटनेला पैशाची फार चणचण भासत होती. तेव्हा आगगाडीतून जाणारा सरकारी खजिना लुटावा, अशी योजना पुढे आली. बैठकीत अश्फाकांनी या योजनेला विरोध केला. आपली संघटना अजून लहान आहे. सरकारला असे उघड आव्हान दिले, तर ते सर्व शक्तीनिशी आपल्यावर तुटून पडेल आणि सारे काम मुळासकट उखडले जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमत मात्र विरुद्ध पडले. तेव्हा अश्फाकांनी आपले मत बाजूला ठेवले आणि सर्वांनी मिळून घेतलेला निर्णय मनापासून पाळला.

९ ऑगस्ट १९२५ च्या सायंकाळी सहारनपूरहून लखनौकडे जाणारी उतारूंची गाडी काकोरी स्थानक सोडून पुढे निघाली असता साखळी ओढून थांबविण्यात आली. या कामगिरीवर दहा तरुण होते. उतारूंच्या मालमत्तेला त्यांनी हात लावला नाही. रक्षकाच्या डब्यातील सरकारी पैशाची लोखंडी पेटी तेवढी त्यांनी खाली ओढली. पेटी काही केल्या फुटेना. तेव्हा अश्फाकांनी आपले पिस्तूल मन्मथनाथ गुप्त या तरुण साथीदाराच्या हाती दिले आणि स्वतः घण उचलून त्या पेटीवर घाव घातले. पेटी फुटली. हाती आलेली रक्कम पाच हजार रुपयांहूनही कमी होती. त्या गडबडीत मन्मथनाथांच्या हातून चुकून गोळी सुटली आणि गाडीतील एक निरपराध उतारू प्राणास मुकला. देशासाठी निघालेल्या तरुणांच्या हातून आपल्याच एका देशबांधवाचा जीव जावा, ही या प्रकरणातील अत्यंत दुःखाची गोष्ट होय.

अश्फाकांचे भाकीत खरे ठरले. सरकार खवळून उठले. सप्टेंबर १९२५ च्या अखेरीस प्रांतभर धरपकड झाली आणि रामप्रसादांसह बहुतेक क्रांतिकारक पकडले गेले. अश्फाक मात्र निसटले. ते प्रथम काशीला आणि तेथून बिहारात डाल्टनगंजला गेले. आज हे गाव झारखंड राज्यात आहे. तेथे हिंदू तरुण म्हणून वावरत त्यांनी काही महिने एका कचेरीत कारकुनी केली. पुढे परदेशी जाण्याच्या विचाराने ते दिल्लीला आले. तेथे त्यांच्या गावचा, त्यांच्याच पठाण समाजातील एक परिचित भेटला. अश्फाकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. त्याने पोलिसांना वर्दी दिली आणि १९२६ साली अश्फाक पकडले गेले.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे आहे. मुसलमानावर विश्वास ठेवाल तर फसाल, असे रामप्रसादांना लोक सांगत असत. प्रत्यक्षात काय घडले? रामप्रसादांच्या विरुद्ध माफीचे साक्षीदार झाले ते त्यांचेच काही हिंदू सहकारी; आणि अश्फाकांना पकडून दिले ते त्यांच्याच धर्माच्या माणसाने. अखेरपर्यंत एकमेकांना अंतर दिले नाही, ते मात्र आर्यसमाजी राम आणि पठाण अश्फाक यांनी. विश्वासू माणूस कोणता आणि विश्वासघातकी कोणता, हे त्याच्या धर्मावरून ठरवू पाहणारा किती चुकतो, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

तुरुंगात अश्फाकांची आणखी एक कसोटी लागली. त्यांना फितविण्यासाठी सरकारने एका मुसलमान पोलीस अधिकाऱ्याला त्यांच्याकडे पाठविले. तो मोठ्या आपुलकीने बोलू लागला. आपण दोघे एकाच धर्माचे आहोत. रामप्रसादाला या देशात हिंदूंचे राज्य आणावयाचे आहे. त्या काफराच्या नादाने तुम्ही आपला जीव का गमावता, असे त्याने सुचविले. साऱ्या हकीगतीची कबुली दिली, तर शिक्षेत सवलत मिळण्याचे आमिषही होते. वय अवघे सव्वीस वर्षांचे, समोर फाशी दिसत असलेली आणि सुटकेची वाट दाखविणारा आपल्याच धर्माचा! परंतु अश्फाक संतापाने लाल झाले. आपल्या मित्राविषयी असे शब्द त्यांना ऐकवेनात. रामप्रसादांना हिंदूंचे नव्हे, तर हिंदुस्थानचे राज्य हवे आहे; आणि समजा ते हिंदूंचे असले, तरी परक्या इंग्रजाच्या राज्यापेक्षा ते पुष्कळच बरे, असे सुनावून त्यांनी त्या अधिकाऱ्याला वाटेला लावले. ज्या तरुणाला एकेकाळी केवळ मुसलमान म्हणून रामप्रसादांनी टाळले होते, त्याच तरुणाने रामप्रसादांसाठी फाशी पत्करली. कबुलीजबाब दिला नाही.

६ एप्रिल १९२७ रोजी मुख्य खटल्याचा निकाल लागला. रामप्रसाद बिस्मिल, राजेंद्रनाथ लाहिरी आणि रोशनसिंह यांना फाशीची शिक्षा झाली. अश्फाकांचा खटला मागाहून चालला आणि त्यांच्या वाट्यालाही फाशीच आली. शिक्षा रद्द व्हावी यासाठी पुष्कळ प्रयत्न झाले, पण सरकारने ते सर्व धुडकावून लावले. चौघांना चार निरनिराळ्या तुरुंगांत ठेवण्यात आले. अश्फाकांना फैजाबादला पाठविले. तेथील अंधाऱ्या कोठडीत ते नित्यनेमाने नमाज पढत, कुराण वाचीत आणि कविता रचीत.

फाशीला तीन दिवस उरले असता, १६ डिसेंबर १९२७ रोजी, त्यांनी देशबांधवांना उद्देशून एक संदेश लिहिला. मृत्यूच्या दारात उभ्या असलेल्या त्या तरुणाच्या मनात स्वतःच्या जिवाची चिंता नव्हती. चिंता होती ती देशात पेटलेल्या धार्मिक वैराची. शुद्धी आणि तबलीग यांच्या नावाने चाललेली भांडणे थांबवावी. आपण सारेच परक्यांचे गुलाम असताना एकमेकांशी झगडून काय साधणार, याचा विचार करावा. हिंदू आणि मुसलमान यांनी एक होऊन आपला देश स्वतंत्र करावा, असे त्यांनी कळवळून विनविले. या विनंतीत त्यांनी कोणा एका समाजाला दोषी धरले नाही. दोघांनाही त्यांनी सारख्याच मायेने आणि सारख्याच स्पष्टपणे सांगितले.

१७ डिसेंबरला गोंड्याच्या तुरुंगात राजेंद्रनाथ लाहिरी फासावर गेले. १९ डिसेंबरला गोरखपुरात रामप्रसाद, अलाहाबादेत रोशनसिंह आणि फैजाबादेत अश्फाकउल्ला. अश्फाक शांतपणे तख्ताची पायरी चढले, त्यांनी दोराचे चुंबन घेतले आणि कलमा म्हणत ते फासाला सामोरे गेले. त्या वेळी त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. त्यांचा देह शाहजहानपूरला आणून तेथे दफन करण्यात आला. ज्या गावात त्यांना काफर म्हणून हिणविले गेले, त्याच गावात आज त्यांची कबर आदराने दाखविली जाते. १९९७ साली, हौतात्म्याच्या सत्तराव्या स्मृतिदिनी, भारत सरकारने रामप्रसाद आणि अश्फाक या दोघांचे मिळून एकच टपाल तिकीट काढले. जे एका ताटात जेवले, ते एका तिकिटावरही शेजारी शेजारी आले, हे उचितच झाले.

या क्रांतिकारकांच्या मार्गाविषयी मतभेद होऊ शकतील. स्वतः रामप्रसादांनीही तुरुंगात आपल्या आयुष्याचा आढावा घेताना तरुणांना पिस्तुलाचा हव्यास सोडून खरे देशसेवक होण्याचा सल्ला दिला आहे. परंतु एका गोष्टीविषयी त्यांच्या मनात कसलीच शंका उरली नव्हती. आपल्या आत्मचरित्राच्या अखेरीस त्यांनी देशवासीयांपाशी एकच मागणे मागितले. आमच्या मरणाचे तुम्हांला थोडेसेही दुःख होत असेल, तर कसेही करून हिंदु-मुसलमानांचे ऐक्य घडवून आणा; तीच आमची अंतिम इच्छा आणि तेच आमचे स्मारक, असा त्यांच्या मागण्याचा आशय आहे. दूर फैजाबादच्या कोठडीत अश्फाकांनीही नेमके हेच मागितले होते. एकमेकांशी बोलण्याची सोय नसताना दोघांच्या लेखणीतून एकच विनंती उमटावी, इतकी त्यांची मने एक झाली होती.

हे ऐक्य कोणा पुढाऱ्याच्या हुकमाने जुळून आले नव्हते, की कोणत्या परिषदेच्या ठरावाने. एका विद्यार्थ्याने संशयाचे उत्तर रागाने दिले नाही, येथून त्याचा आरंभ झाला. त्याने मित्राची भाषा शिकून घेतली, मित्राच्या ताटात तो जेवला, आपल्याच लोकांचे टोमणे त्याने सोसले आणि प्रसंग आला तेव्हा तो मंदिराच्या दारात उभा राहिला. फासावर जाण्याचा प्रसंग आज आपल्यापैकी कोणावर यावयाचा नाही. परंतु शाळेच्या त्याच बाकावर बसणाऱ्या, निराळ्या धर्माच्या सोबत्याविषयी कोणी कुजबुजू लागले, म्हणजे गप्प बसावे की त्याच्या बाजूने उभे राहावे, हा प्रश्न मात्र आपणां प्रत्येकापुढे केव्हा ना केव्हा उभा राहतोच. त्या वेळी शाहजहानपूरच्या त्या दोन मित्रांची आठवण आपल्याला व्हावी. त्यांचे जे स्मारक अजून पुरे व्हावयाचे आहे, त्याचा एक चिरा आपल्याही हातून बसेल.